टाका

वीस वर्षं मी बियाण्यांची पाकिटं केली जालन्यात.
कपाशीचं बोंड डोक्याएवढं,
मिरची इतकी लाल की छापताना मशीनलाच ठसका लागावा.
जरा जागा मोकळी दिसली की गिऱ्हाईक म्हणायचं,
शकूरभाई, इथं अजून एक टोमॅटो बसतोय की.

मग खांडेभराड आले, पिशवीत तीन कोऱ्या बाटल्या.
लेबल पाहिजे, म्हणाले. वाइनचं.
अजिंठा नको, वेरूळ नको, मकबरा तर नकोच.
द्राक्षाचा घडही नको.
मग राहिलं काय?
ते तुम्ही बघा.

मी घेत नाही. आमच्यात कुणीच नाही.
चव विचारली, तर बराच वेळ
माझ्या कटिंग मशीनकडे बघत राहिले.
"आधी जांभळानं जीभ आखडते ना, तसं.
मागून भिजल्या गोणपाटाचा वास."

गोणपाट.
ते मला कळलं.

आठ दिवस कागद पांढरा ठेवायला शिकलो.
हात टोमॅटोकडे जायचा, मागं घ्यायचो.
टक्केवारी, मिलिलिटर, परवान्याचा नंबर
बसवले कोपऱ्यात.
वैधानिक इशारा मात्र मन लावून काढला,
अब्बा दुकानांच्या पाट्या रंगवायचे तसा:
काना सरळ, वेलांटी भरदार.
बायको डोकावून म्हणाली,
इत्तीच बात सच्ची लिखे तुम.

पहिलं लेबल बर्फाच्या बादलीत सुटलं.
शाई शाबूत, कागद तळाला, बाटली उघडीवाघडी.
गोंद बदलला. कागद बदलला. पुन्हा बादली.

शेवटी उरला एक टाका.
बियाण्याच्या गोणीचं तोंड शिवतात ना,
तशी दुहेरी दोऱ्याची आडवी रेघ,
शाईशिवाय, कागदातूनच उठवलेली,
डोळ्याआधी बोटाला लागेल अशी.
उजवीकडं दोऱ्याचं सुटं शेपूट.

खांडेभराडांनी त्यावरून अंगठा फिरवला,
परत फिरवला,
आणि छपाईचा भाव विचारला.

परवा मोंढ्यामागच्या भंगारवाल्याकडं
काचेच्या ढिगात एक दिसली. रिकामी.
लेबल कुणीतरी नखानं उकरलेलं.
डावीकडून ओढलं की दोरा गाठ धरतो,
उजवीकडून सरसर उसवतो,
हे गोणी उघडलेल्या माणसालाच ठाऊक.

उकरलेलं होतं उजवीकडून.

भंगारवाला म्हणाला, दोन रुपये.
मी पाच दिले
आणि सुट्टे मागायचे विसरलो.