प्रतिसादक क्रमांक ३७

फर्स्ट गेटच्या अलीकडे, आमच्या कॉलेजात
नियतकालिकांची खोली तळघरात आहे.
पंखा एक, ट्यूबलाइट दीड.
हत्तरगी मॅडम चष्मा डोक्यावर सारतात.
"काय हुडकुलीस?"
तंबाखू, मी म्हणते. म्हणजे विड्या. म्हणजे
विड्या वळणाऱ्या बायकांचे हात.

दोन अंक पुढ्यात येतात.
एक गुळगुळीत. मुखपृष्ठावर मांडीवर सूप घेतलेली बाई
हसतेय, दातांवर उजेड पाडलाय.
आत तिचं नाव, गाव, 'कष्टातही फुललेलं हसू',
आणि समोरच्या पानावर फेसक्रीम.
दुसरा राखाडी. चित्र नाही.
खंड अठरा, अंक तीन,
पण पानं सुरू होतात दोनशे तेरापासून,
जणू कुणी वर्षभर एकच वाक्य बोलतंय
आणि आपण मध्येच येऊन बसलो.

"पहिलं पान राहू दे. शेवटचं नोड."
शेवटी साडेतीन पानं संदर्भ.
लेखिकेच्या नावाखाली तिची संस्था,
लेख मिळाल्याची तारीख, स्वीकारल्याची तारीख.
मध्ये चौदा महिने.
एवढे दिवस काय केलं?
"भांडले," मॅडम म्हणतात,
"दोघं-तिघं परके, एकेका आकड्यावरून.
नावं न सांगता."

तक्ता चार वाचायला मला दुपार लागली.
एकशे बारा बायका, सगळ्या आकड्यांच्या.
३७: वय चौतीस, निपाणी,
दिवसाला साडेनऊशे विड्या,
अंगठ्याला पत्र्याची नखी, नखीखाली जुनी जखम,
रात्री मळमळ.
आणि अगदी तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरात, टीप अकरा:
मुलगी शाळेतून आल्यामुळे
मुलाखत इथे थांबवावी लागली.

उंबऱ्यात वही घेऊन बसलेली एक बाई
मला आठवते.
मी तिला ओलांडून आत गेले होते,
भूक लागली म्हणून ओरडत.

राखाडी अंक घरी देत नाहीत.
अकरा पानांची झेरॉक्स, रजिस्टरात सही,
संध्याकाळची लाल गाडी, संकेश्वरपर्यंत उभ्यानं.

आईला वाचून दाखवलं, जमेल तेवढं सोपं करून.
टीप अकरा सोडून.
"माझं नाव हाय काय त्यात?"
नाही.
"मग बरं. मुकादमाला कशाला कळायला पायजे,"
म्हणाली,
आणि उद्याची पानं भिजत घालायला उठली.