तळाशी

इंतागच्या खोऱ्यात बाबांनी शेवटचं झाड पाडलं
तेव्हा मी नऊ वर्षांची. करवत थांबली,
धुकं पुन्हा आपल्या जागी येऊन बसलं,
आणि आडव्या फांदीवर दिसली ती:
शेवाळात रुतलेली पानांची जुडी,
पट्टीसारखी चपटी, ओली.

"बांडगूळ," ओतोनियेलकाका म्हणाला आणि थुंकला.
"नाही," बाबा म्हणाले, "हिने झाडाचं काही प्यायलं नाही.
नुसती बसायला जागा मागितली होती."
झाड पाडणारा माणूसच हे म्हणत होता,
ते माझ्या फार उशिरा ध्यानात आलं.

घरी आणून त्यांनी ती तेलाच्या डब्यात लावली.
नारंजियाच्या वाफ्यातली काळी माती, वर मूठभर राख,
रोज सकाळी तांब्याभर पाणी.
एक वर्ष पानं. दुसऱ्या वर्षी पानं.
गवती चहा उकळताना आई म्हणायची,
"तिला तुझा राग आलाय, रोसेंदो."
तिसऱ्या वर्षी म्हणायला आई नव्हती.

मग एका दुपारी अंडी मागायला आलेली सोइला
डब्याकडे बघतच राहिली. अंडी विसरली.
न विचारता तिने डबा दगडावर उपडा आपटला.
मातीच्या ढेपेत, अगदी तळाशी,
पत्र्याला टेकून वळलेले देठ,
काही कुजलेले, काही वाळून दोरा झालेले.
प्रत्येकाच्या टोकाला कळी.

"अरे देवा, ही वर फुलतच नाही," सोइला म्हणाली,
"खाली उतरते."

बाबा काही बोलले नाहीत. देठ मोजत बसले,
आईच्या उरलेल्या गोळ्या मोजल्या होत्या तसे.

आता ती आईच्या अंड्यांच्या टोपलीत असते,
चुलीच्या धुरापासून लांब, ओसरीच्या वाशाला.
माती नाही, थोडं शेवाळ.
या मार्चमध्ये विणीच्या भोकातून एक फूल उतरलं:
तपकिरी, लवदार, तीन लांब शेपट्या,
मधोमध अळंबीच्या पोटासारखी पांढरी, चुणीदार जीभ.
वासही अळंबीचाच.
चिलटं फसून येतात, फिरफिर फिरतात,
रिकामीच जातात.
पुन्हा येतात.

बाबांची मान आता वर होत नाही.
म्हणून ते टोपलीखाली उताणे पडतात,
टोपी छातीवर, बूट पायातच.
काका दारातून विचारतो, "मेलास काय रे?"
"गप," बाबा म्हणतात,
"उजेड अडवू नकोस."