डाग

सदलग्याची नीलव्वा पैंजणं घेऊन आली
आणि मांगूरच्या आमच्या सोप्यात उभ्यानंच म्हणाली,
"बेळ्ळी म्हणून दिलीस. यात हित्ताळी हाय."

फुंकणी अजून तोंडातच होती माझ्या.
वातीची जीभ आखूड केली, तिला पाट दिला.
म्हटलं, बस. आधी दोन्ही हात पुढं कर.

एका हातावर ठेवली ऐंशी टंचाची कांब,
दुसऱ्यावर पितळेची, तेवढ्याच लांबीची, तेवढ्याच जाडीची.
डोळे मीट. कुठला हात खाली जातो?
चांदीचा गेला. तिचं तिलाच कळलं.

मग चहा आला. दोन कपांत दोन्ही कांबी धरायला लावल्या.
चांदीची तिनं लगेच सोडली, "अय्यव्वा" करत.
पितळ थांबतं. खालचं ऊन
वरच्या बोटांना सांगायला त्याला वेळ लागतो.

आता वाकवून बघ.
चांदी ऐकते, वीस भाग तांब्यानं तिला कणा येतो
म्हणून तर पायात टिकते.
पितळ दोनदा वाकतं, तिसऱ्यांदा हट्टाला पेटतं,
भट्टीत लाल करून समजूत काढायची,
नाहीतर कडकन.
आमच्या गोठ्यातली घंटा अशीच चिरली,
कुणी हातही न लावता, म्हशींच्या मुताच्या वाफेनं.
चिरायच्या आधी मात्र ती पार ओढ्यापर्यंत ऐकू यायची.

काळवंडतात दोन्ही.
एक गंधकाच्या धुरानं, दुसरं ताक राहिलं की हिरवं.
आणि तांबं दोन्हींत असतं, नीलव्वा.

ती बोलली नाही. पैंजण उलटं केलं,
कडीच्या सांध्यावर नख टेकवलं. तिथं पिवळट.
"हे?"

हे खरं.
हा डाग. तीन हिस्से चांदीत एक हिस्सा पितळ वितळवून करतात,
मामंजी करायचे, त्यांच्याआधी हुपरीचा त्यांचा वस्ताद.
कांबीच्या आधी त्याचं पाणी होतं,
टाकणखारावरून धावतं, फटीत शिरतं,
आजूबाजूची चांदी जागची हलत नाही.
चांदीनंच चांदी जोडायला गेलं
तर जोडायचं तेच वितळून जातं.

"मग देतानाच सांगायचं की."

सांगायला हवं होतं.
तोही चांदीच्या भावानं मोजला होता मी,
दोन्ही पायांचा मिळून पावणेतीन ग्रॅम.

तेवढे पैसे काढून दिले. तिनं पुन्हा मोजले,
ओंदू, एरडू, मूरू, पुटपुटत.
निवलेला चहा एका घोटात संपवला.
पैंजणं पायात घालून उंबऱ्यापर्यंत गेली
आणि परत फिरली.
डाव्या पायाचं एक घुंगरू लोंबत होतं.

"एवढं लाव," म्हणाली. "हित्ताळी घालून."