सहा पेन्स

ब्रॅकनशॉच्या मैदानाचं फिरतं फाटक
एकतीस वर्षं माझ्या पोटाला टेकून होतं.
माणसं मी चेहऱ्यानं ओळखत नाही,
नाणं पुढे करणाऱ्या हातानं ओळखतो.

एब मकस्किमिंगचा हात पहिल्यांदा पाहिला
तेव्हा रिकामा होता. खेळाडूंना पैसे पडत नाहीत.
नखांत कोळसा, करंगळी अर्धी,
काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेले बूट,
थोरल्या भावाचे, पुढे लोकर कोंबलेले.
पहाटेची पाळी उरकून चार मैल चालत आला होता.
त्या दुपारी डाव्या कडेनं असा सुटला
की आमच्या पाद्रीबुवांनी टोपी हवेत उडवली.
(ती नंतर सापडली नाही. तो किस्सा वेगळा.)

चेंडू तेव्हा कातडी; भिजला की धोंडा.
डोक्यानं मारला तर वादीचा वळ
सोमवारपर्यंत कपाळावर.
एब डोकं वापरायचा, पण निराळं.
म्हणायचा, खाणीत दिवा घेऊन
कुणी एकटा धावत सुटत नाही.
पुढच्याच्या हाती देतो,
आणि त्याच्या उजेडात आपण सरकतो.
मला हे उमगायला वर्षं लागली.
आमच्या सेंटर फॉरवर्डला कधीच उमगलं नाही.

सहा मोसम. मग डावा गुडघा.
गोठलेल्या जमिनीवर सुक्या काटकीसारखा आवाज झाला,
तो मला फाटकापर्यंत ऐकू आला,
असं मी सांगतो.
खरं तर तेव्हा मी चिल्लर मोजत होतो.

गुडघ्यामुळे तो युद्धावर गेला नाही.
त्याच्या पासवर गोल करणारे तिघे गेले.
त्याबद्दल तो काही बोलला नाही, मीही विचारलं नाही.

मग मॅनेजर.
ग्रिझेलनं हप्त्यानं घेतलेली गोल काळी टोपी,
ती त्याला कानांवर टेकायची.
शुक्रवारी दारावर अकरा नावं, पेन्सिलीनं,
शनिवारी सकाळी खोडलेली दोन.
एप्रिलमध्ये ज्यांना काढायचं त्यांना
क्लब पत्र पाठवे. एब पत्रं खिशात घालून
लंगडत स्वतः घरोघरी जाई.
एकदा एका पोराच्या आईनं चहा दिला,
वर बार्लीचा पाव, वर घरचं लोणी.
पत्र खिशातच राहिलं, पोरगं संघात.
पुढच्या मोसमात त्यानं दोन गोल केले,
त्यातला एक आपल्याच जाळीत.

नऊ वर्षं चाललं हे.
एकदा कप हाताला लागता लागता राहिला,
तेव्हा पाऊस होता, आणि रेफ्रीबद्दल
मी अजूनही बोलू नये असं बायको म्हणते.

एबचं पत्र मात्र टपालानं आलं.
गुरुवारी.

शनिवारी तो रांगेत उभा, साध्या टोपीत.
"आत जा, एब," मी म्हटलं.
त्यानं सहा पेन्स ठेवले.
मी सरकवले. त्यानं परत सरकवले.
मागून लोक ओरडायला लागले.
अर्धी करंगळी नाण्यावर दाबून तो उभाच.
शेवटी फाटक न फिरवता
मी बाजूची कडी काढली.

डाव्या कडेच्या कठड्याशी थांबला.
चेंडू तिकडे आला की
त्याचा वाईट पाय अर्धं पाऊल पुढे सरकायचा,
मग मागे.

संध्याकाळी हिशेबात सहा पेन्स जास्त भरले.
कारकुनानं मला दोनदा मोजायला लावले.
दोन्ही वेळा जास्तच.