रुळेपर्यंत

शोरूममधून गाडी निघाली तेव्हा बॉनेटवर झेंडूची माळ,
चाकांखाली चार लिंबं,
आणि सात रस्त्याच्या पहिल्याच सिग्नलला
ती किंचाळली.

बारीक. लांबलचक.
पाटीवर उभी पेन्सिल ओढावी तशी.
शेजारचा रिक्षावाला वाकून चाकाकडे बघत म्हणाला,
"नवीच हाय की ओ ताई!"
जसं काही नव्या वस्तूला
ओरडायची मुभा नसते.

चौकापासून आमच्या बोळापर्यंत अकरा गतिरोधक.
तोवर मी ते कधी मोजले नव्हते.
सातव्याला बिटला मावशी
विड्यांचं सूप मांडीवरून उतरवायच्या
आणि अकराव्याला दारात हजर.
पोरांनी गाडीचं बारसंही उरकलं होतं: चिमणी.
साडेनऊ लाखांची चिमणी,
सात वर्षांच्या हप्त्यांवर.

सर्व्हिसच्या म्हेत्रेनं चाक काढलं, पॅड घासले,
फुंकर मारली. "धूळ आहे मॅडम, आपल्याकडची."
सही घेतली.
दुसऱ्या दिवशी धूळ परत आली, आवाजही.

रात्री नायनांना सांगितलं.
ते कडक भाकरी मोडत होते. मान वर केली:
"कुठला आवाज?"

तीन आठवडे ते रोज
माझ्याच शेजारी बसत होते.

एकोणचाळीस वर्षं टॉवेलच्या कारखान्यात
मागांच्या दोन रांगांमधे उभं राहून
त्यांच्या कानांतून बारीक बारीक सगळं निघून गेलेलं.
दूधवाल्याची घंटी. फोन. नातीचं कुजबुजणं.
आणि आम्ही समजत होतो,
त्यांना बोलायचंच नसतं.

मग मी तोंडानं काढून दाखवला. चीं.
त्यांनी माझ्या ओठांकडे बघितलं.
हसले नाहीत.
"पहाटे काढ गाडी."

अक्कलकोट रोड, पावणेसहा. एमआयडीसी मागं पडली,
तुरीवर जरासं धुकं.
नायनांनी चप्पल काढून तळवा खाली टेकवला,
हात दाराच्या पत्र्यावर,
जसे ते चालत्या मागावर ठेवायचे,
कुठला बोल्ट सैल आहे ते विचारायला.

"साठ कर. आता दाब. जोरात!
थांबवू नको पूर्ण. सोड. परत साठ."
मी दाबत होते, सोडत होते.
"तू घाबरत घाबरत दाबतीस.
त्यानं नुसतं पॉलिश होतं, गुळगुळीत.
नवा मागसुद्धा पंधरा दिवस बोंबलतो.
एकमेकांना नीट चावू दे, मग रुळतंय."

पाचव्यांदा जळका वास आला.
सातव्यांदा ते म्हणाले, "कमी झाला."
मला तर अजून ऐकू येत होता.
नवव्यांदा मलाही नाही.

मग वळसंगपर्यंत ब्रेकला पाय न लावता,
काच खाली, चाकं वाऱ्यानं निवत.
काही बोललो नाही.
बोलायचं तर मला ओरडावं लागलं असतं,
आणि ती सकाळ ओरडण्यासारखी नव्हती.

आठवड्यानं बिटला मावशींनी विचारलं,
"गाडी विकली का गं?"

नायना मात्र रोज विचारतात,
बसल्या बसल्या, पट्टा लावायच्या आधी:
"गेला ना?"
"गेला."

काल रात्री गाडी धुतली होती.
आज पहिल्या गतिरोधकाला, ओल्या डिस्कवर,
एकदाच. चीं.
मी रस्त्याकडे बघत राहिले.
"गेला ना?"
"गेला."

त्यांचा तळवा दारावर होता.
"खोटं," म्हणाले,
आणि बाहेर बघत
कितीतरी वेळ
हात तिथून काढला नाही.