एकास सत्त्याऐंशी

चौतीस वर्षं सिव्हिलच्या प्लास्टर-रूममध्ये होतो, मिरजेत.
बँडेज पाण्यात सोडायचं, बुडबुडे थांबेपर्यंत थांबायचं,
हलक्या हातानं पिळायचं, गुंडाळायचं.
आता डोंगर करतो.

हात तोच. आत हाडाऐवजी
रद्दीचे बोळे आणि खुराड्याची जुनी जाळी,
वर पट्ट्या, एकीवर एक अर्धी चढवून.
घट्ट होताना दंडोबा गरम झाला.
या उबेला पोरं घाबरायची, भाजतंय म्हणायची.
डोंगर काही म्हणाला नाही.
याला सहा आठवड्यांनी कापायचंही नाही.

खाटेएवढी फळी, तिच्यावर नऊ मिलिमीटरचे रूळ.
मिरज करायची नाही, हे पहिल्यापासून ठरलेलं.
जंक्शन कुणीही करेल.
मला आरग, बेळंकीच्या पुढचं सलगरे पाहिजे होतं,
अडीच फुटी गाडी थांबायची तेव्हाचं :
एक खोली, एक लिंब, एक टाकी,
आणि फलाट म्हणावा की नाही असा मुरमाचा उंचवटा.

मातीला वापरलेली चहापूड, दोनदा चाळून.
पहिल्या खेपेला ती नीट वाळली नव्हती.
आठ दिवसांत सलगऱ्याला बुरशी आली,
पांढरी, पार मास्तरच्या खोलीपर्यंत.
सुमतीनं अख्खं स्टेशन गच्चीवर नेऊन ठेवलं.

बाभळींना मोटारीच्या वायंडिंगची तार पिळली,
पाल्याला तंबोरेवाल्या याकूबभाईंकडचा भुसा,
हिरव्या रंगात बुडवून.
ते बघायला आले, चष्मा कपाळावर.
"डॉक्टर," (मला ते डॉक्टरच म्हणतात)
"हे सलगरे हाय का राधानगरी?
एवढं हिरवं तिकडं कवा बघितलासा?"
खरं होतं. माणूस आठवणीला पाणी घालत बसतो.

मग यार्डातली हळद, चुलीतली राख,
डिंकाच्या पाण्यावर चाळणीनं झटकली. कुसळं झाली.
खिडकीच्या उन्हानं महिन्याभरात रंग उतरला.
हळद उन्हात टिकत नाही,
हे सांगली जिल्ह्यात जन्म काढून मला कळू नये?
पुन्हा झटकायला चाळणी घेतली, आणि बघत राहिलो.
एप्रिल लागला होता,
खिडकीच्या बाहेर, आणि फळीवरही.

बांधण्यापेक्षा मळवणं अवघड.
पत्र्याला गंज, टाकीखाली शेवाळाची एक धार,
आणि खोलीच्या भिंतीवर, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीला,
टेकून टेकून पडलेला खोबरेलाचा पट्टा.
त्याला एका केसाचा ब्रश लागला. श्वास रोखून.

माणसं काडेपेटीच्या काड्यांची. दहा केली.
अकरावा बिरू.
ब्याऐंशी साल. शेळीमागं पळताना बांधावरून पडलेला,
उजवं मनगट.
तारीख प्लास्टरवरच लिहून दिली होती, कॉपिंग पेन्सिलीनं :
सहा आठवडे, सकाळची गाडी.
आई मान हलवून गेली. परत आली नाहीत.

रजिस्टरात असे रकाने पुष्कळ कोरे.
पुष्कळ जण घरीच विळ्यानं कापायचे,
हात बरा झाला की मिरज कशाला?
पण प्लास्टर ओलं असताना यानं विचारलं होतं,
इंजिन रात्री कुठं झोपतं?
मी म्हणालो, पुढच्या खेपेला दाखवतो.

नखाएवढा आहे. लिंबाखाली उभा केलाय,
हाताला पांढऱ्याचा एक ठिपका.
गाडी येते, थांबते, जाते. माझीच गाडी,
बोर्डाच्या कडेपर्यंत जाते आणि मागं फिरते.
रूळ तिथंच संपतात.

कालपासून मापं काढतोय.
शेडला निदान दोन फूट फळी वाढवावी लागेल,
दरवाजा मग अर्धाच उघडेल.
सुमतीला अजून सांगितलेलं नाही.