डी-आठ

रॅपिडमध्ये डाव कुणी लिहून ठेवत नाही,
तो आठवावा लागतो,
आणि आठवायला बसलं की दोन डाव निघतात.
एक माझा. एक हर्षिदा गांगुर्डेचा,
इयत्ता सहावी, राहणार दिंडोरी.

सिडकोतलं मंगल कार्यालय, फेब्रुवारी,
कालच्या लग्नाच्या अक्षता अजून सतरंजीच्या घडीत.
स्टेजवर ‘शुभविवाह’च्या थर्माकोलखाली पंचांचं टेबल.
पाचव्या फेरीला वीस मिनिटं होती.
मागच्या पायऱ्यांवर आम्ही पट मांडला.
एक काळं प्यादं कमी भरलं,
तिथं तिनं आपल्या बाटलीचं झाकण ठेवलं.

“एकोणिसाव्या खेळीला माझा हत्ती फुकट होता,
तुम्ही घेतला नाही.”
आठवत होतं मला.
दोन मिनिटं जाळली होती त्या हत्तीवर.
माझ्या उंटाच्या वाटेत तो इतका उघडा, इतका निवांत
की म्हटलं, आमिष आहे.
“सापळा होता ना?”
“नाही काका. मला दिसलंच नव्हतं.”

बावीस वर्षं द्राक्षं तपासतोय, पिंपळगावला, पॅकहाउसमध्ये.
सोळा मिलिमीटरच्या कडीतून जो मणी खाली पडेल तो बाद.
गोड असला तरी बाद.
शंका घेण्याचाच पगार मिळतो मला.

पुढे मी म्हटलं, घोडा एफ-सहावर गेला.
ती म्हणाली, एच-पाच.
मी घोडा उचलला, ठेवला, पुन्हा उचलला.
तिचंच बरोबर होतं.
माझ्या आठवणीतला घोडा
जिथं जायला हवा होता तिथं गेलेला.
एकतिसाव्या खेळीला वजिरावजिरी केली मी.
“का?”
“डाव सोपा करायला.”
खरं तर दमलो होतो.
तिनं मान डोलावली. लहान मुलांना
कळलं नाही तरी ती डोलावतात, आणि कळलं तरी.

शेवटी पटावर तिघं.
तिचा राजा डी-पाच, तिचं प्यादं डी-सहा,
माझा राजा डी-सात,
माझी खेळी,
आणि नऊ सेकंदं.

हे येतं मला. चौदाव्या वर्षी येत होतं.
प्रेस कॉलनीतल्या गच्चीवर खडूनं पट आखून
थोरल्या भावानं घोटून घेतलं होतं:
प्यादं अंगावर आलं की सरळ मागे.
तिरकं नाही, राजाभाऊ, सरळ.
चुकलं की डोक्यात टपली.

मी ई-आठवर गेलो.

“असं का केलंत?”
बोट घसरलं, म्हणालो.
मागे सरायची वेळ आली की मी जरा बाजूला सरतो,
म्हणजे मागे गेल्यासारखं दिसत नाही,
हे अकरा वर्षांच्या पोरीला कसं सांगणार?

तिनं माझा राजा उचलून डी-आठवर ठेवला. टक्.
“आता खेळा.”
तिचा राजा तिरका पुढे आला, माझा त्याच्यासमोर.
प्यादं एक घर सरकलं, शह.
मी प्याद्याच्या नाकासमोर जाऊन उभा.
प्यादं सोडलं तर जातंय,
सांभाळलं तर मला खेळीच उरत नाही.
कोंडी. बरोबरी. अर्धा गुण
इथंच पडून होता, डी-आठवर, कुणीही उचलावा असा.

तीनदा खेळलो.
तिसऱ्यांदा तिनं फार वेळ घेतला,
ओठ चावत, दुसऱ्या बाजूनं येऊन पाहिलं.
नाही.
“म्हणजे मी जिंकलेच नव्हते.”
“सही झालीय, बाळा. जिंकलीस.”
ती हसली नाही.
कडीतून पडलेल्या मण्याकडे मी बघतो
तशी पटाकडे बघत राहिली.

मग तिच्या वडिलांनी दारातून हाक मारली, जोड्या लागल्यात.
तिनं मेलेल्या मोहऱ्यांतून झाकण शोधलं,
फ्रॉकला पुसून बाटलीला लावलं
आणि पळाली.

माईकवर खैरनार सर माझं आडनाव चुकीचं वाचत होते,
टेबल एकतीस, निरगुडकर, निरगुडकर आहेत का?
निरगुडे, असं ओरडायला हवं होतं.
मी अजून एकदा
राजा डी-सातवर ठेवला
आणि सरळ मागे घेतला.